ड्रिल घ्यायचंय, पण भिंत कसली आहे?

आमच्या रत्नागिरीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या तोंडावर झालेली ही चर्चा. नावं काढून फ्लॅट नंबर ठेवलेत. मधले सुप्रभातचे फोटो, टँकरची चौकशी आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीचा विषय गाळला आहे.

२०४ ताई: नमस्कार. पडद्याचे रॉड लावायचेत, किचनमध्ये एक फळी, कपाटाच्या बिजागऱ्या ढिल्या झाल्यात आणि चार-दोन फ्रेम आहेत. सुताराला फोन केला की "उद्या येतंय" म्हणतो आणि गणपती गेल्यावर उगवतो. म्हटलं आपणच एक बिनवायरचं ड्रिल घेऊन टाकावं. पाच हजारांच्या आत कोणतं बरं?

१०१ भाऊ: ऑनलाइन २१ व्होल्टचं आहे बघ. दोन बॅटऱ्या, ढीगभर बिट्स (मशीनच्या तोंडात लावायची टोकं), पेटीसकट दोन हजारांच्या आसपास. डोळे मिटून घे.

३०३ दादा: २१ काय घेऊन बसलात, ४८ व्हीएफ पण मिळतं. ८८ व्हीएफ सुद्धा पाहिलंय मी.

१०३ वहिनी: ८८ आणा, लाइट गेली की लिफ्ट चालवू त्याच्यावर.

४०२ आप्पा: (आयटीआयमधून निवृत्त. ग्रुपवर क्वचित लिहितात, लिहिलं की फळ्यावर लिहिल्यासारखं.) ताई, घाई करू नकोस. आधी हे व्होल्टचं प्रकरण. या बॅटऱ्यांत लिथियम-आयनचे सेल असतात. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल ओळीने जोडले की एक कंपनी त्यावर १८ लिहिते, दुसरी २० मॅक्स आणि तिसरी थेट २१. बॅटरी तीच. तीन सेलवाली पूर्वी १०.८ म्हणून यायची, आता तिलाच १२ म्हणतात. आणि ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ हे कसलंच माप नाही. बॅटरी उघडलीस तर आत बहुधा पाचच सेल निघतील.

४०२ आप्पा: अॅम्पिअर-अवर वाचताना व्होल्टने गुणायचं. १२ गुणिले १.५ म्हणजे १८ वॉट-अवर, १८ गुणिले १.५ म्हणजे २७. एवढीच शिदोरी त्या बॅटरीत.

१०१ भाऊ: आप्पा, मग दोन हजारवालं वाईटच का?

४०२ आप्पा: स्क्रू घट्ट करायला चालेल की. त्याची दुसरी बॅटरी दोन वर्षांनी कुठे मिळेल, ते विकणाऱ्यालाच विचार. माझा प्रश्न वेगळा आहे. ताई, तू भोक कुठे पाडणार आहेस?

२०४ ताई: भिंतीत 🙂

४०२ आप्पा: कसल्या? आपल्या बिल्डिंगचा सांगाडा आरसीसीचा आणि मधल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाच्या. चिऱ्यात साधं ड्रिलसुद्धा लोण्यात सुरी गेल्यासारखं जातं. पण पडद्याचा रॉड येतो खिडकीच्या वर, आणि तिथे लिंटेल असतं, म्हणजे वरच्या भिंतीचं ओझं पेलणारी आडवी पट्टी. ते काँक्रीटचं. १२ व्होल्टचं मशीन तिथे गुरगुरतं, बिट लाल होतं आणि भोक अर्धा इंचही पडत नाही. मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

१०३ वहिनी: अगं बाई, म्हणूनच आमच्याकडे बेडरूममध्ये एक ब्रॅकेट बसला आणि दुसऱ्या बाजूला भोकच पडेना!

४०२ आप्पा: हो वहिनी. लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण वीतभर भिंतीत शिरलेलं असतं. ब्रॅकेट त्याच्याही पलीकडे घेतला की चिरा लागतो. रॉड थोडा लांब घ्यावा लागतो, पण पडदा बाजूला सारल्यावर खिडकी पूर्ण उघडी मिळते, तोटा काहीच नाही. ओळखायचं पुडीवरून. पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टरची करडी पूड येणारच, ती मोजू नका. त्यानंतर तांबडी आली तर चिरा, करडीच येत राहिली तर काँक्रीट. काही फ्लॅटमध्ये लिंटेल भिंतभर ओढलंय किंवा बीमच खाली आलाय, तिथे मात्र इलाज नाही.

३०१ तात्या: (मूळचे मालवणचे.) आप्पानू, बॅटरी होयी कित्याक? वायरीचा ड्रिल घेवा. माझ्याकडचो अजून चलता. बॅटरी मेली काय मशीन आसा नि नाय सारख्याच.

३०३ दादा: तात्या बरोबर बोलतायत. १३ एमएम चकचं (चक म्हणजे बिट धरणारं तोंड) वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल दोन-अडीच हजारात येतं, ५०० वॉटच्या पुढचं. त्या पैशात बिनवायरचं धड मिळत नाही. वर्षातून चारदा वापरणार, मग बॅटरीचे लाड कशाला?

२०४ ताई: पण स्टुलावर चढून वायर सांभाळायची, एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत ठेवायचा... मला तेच नकोय.

४०२ आप्पा: दोघांचंही बरोबर आहे. मात्र बिनवायरचा एक फायदा कुणी बोललं नाही. भिंतीत कन्सील वायरिंग आहे. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली पाइप गेलेले असतात, तिथे बिट घालायचंच नाही. तरी मनात शंका असली तर मेन बंद करून भोक पाडता येतं, कारण मशीनला लाइट लागत नाही. वायरवाल्याला त्यासाठी बाहेरून लाइट आणावी लागते. आणि पावसात इथे लाइटचा भरवसा काय तो तुम्हाला ठाऊकच आहे.

१०३ वहिनी: निसर्ग वादळात, २०२० ला, माझ्या माहेरी दापोलीकडे किती दिवस अंधार होता विचारू नका. पत्रे बसवताना बॅटरीवालं मशीन ज्याच्याकडे होतं त्याच्या दारात रांग.

३०३ दादा: ताई, एक सांभाळ. "इम्पॅक्ट ड्रिल" आणि "इम्पॅक्ट ड्रायव्हर" या दोन वेगळ्या वस्तू. ड्रायव्हरला षटकोनी खाच असते, लांब स्क्रू आणि बोल्ट पिळायला. भिंतीला तो उपयोगाचा नाही. तुला हवं ते इम्पॅक्ट ड्रिल, कॉलरवर, म्हणजे चकमागच्या फिरवायच्या रिंगवर, हातोडीचं चिन्ह असलेलं. बॉशच्या निळ्या मशीनवर जीएसआर लिहिलं असेल तर ठोका नाही, जीएसबी असेल तर आहे. जीएसबी १२० हे १२ व्होल्टचं, १० एमएम चक, पिळायचा जोर ३० न्यूटन-मीटर. ऑफर असली तर तुझ्या बजेटच्या आसपास बसेल. इंगको, टोटल यांचीही त्याच जातीची मशीनं आहेत, थोडी स्वस्त.

२०४ ताई: एका ठिकाणी १८ व्होल्टचं मोठ्या कंपनीचं तीन हजारात दिसतंय. एवढं स्वस्त कसं?

३०३ दादा: खाली बारीक अक्षरात "सोलो" लिहिलंय का बघ.

२०४ ताई: हो, लिहिलंय.

३०३ दादा: म्हणजे नुसतं मशीन. बॅटरी नाही, चार्जर नाही. ते दोन्ही धरले की हिशेब दुप्पट. ज्यांच्याकडे त्या कंपनीची बॅटरी आधीपासून आहे त्यांच्यासाठी असतं ते. आणि बॉशच्या हिरव्या घरगुती मशीनची १८ व्होल्टची बॅटरी निळ्या मशीनला बसत नाही, तेही लक्षात ठेव.

१०१ भाऊ: मग १८ चंच घ्यायला सांगा ना तिला, थोडे पैसे वाढवून. काँक्रीट पण होईल.

४०२ आप्पा: होईल, पण रडत. या छोट्या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्याचा ठोका तयार होतो. तुम्ही हाताने जेवढं रेटाल तेवढाच तो लागतो. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, हवेच्या दाबाने ठोका बसतो, माणसाने नुसतं धरून उभं राहायचं. बिटही वेगळं, एसडीएस प्लस, चावी न लावता खटकन अडकतं. काँक्रीटला ते मशीन. ताईने कपाटाच्या बिजागऱ्यांसाठी १८ व्होल्टचं वजन स्टुलावर चढून पेलायचं, ते कशाला?

३०३ दादा: यावर माझं थोडं वेगळं मत. आमच्याकडे कंपनीत मेंटेनन्सला १८ च वापरतात, रोज. पण रोज. घरी ११ महिने ते कपाटात राहणार, हे मान्य.

२०४ ताई: म्हणजे १२ व्होल्ट घेऊ, आणि लिंटेल टाळू. किचनची फळी टाइल्सवर आहे, ती?

४०२ आप्पा: टाइलवर ठोका बंद. साध्या ड्रिलवर कॉलर ठेव, काचेला वापरतात ते भाल्याच्या टोकाचं बिट घे, टाइलवर कागदी टेप चिकटव म्हणजे बिट घसरणार नाही. हळू गतीने, मधेमधे पाण्याचा थेंब, मशीनवर पाणी जाऊ द्यायचं नाही. टाइल पार झाली की थांब, बिट बदल, मग मागच्या भिंतीत जा. सिंकच्या नळाच्या रेषेत वर-खाली कुठे भोक नको, पाइप आहे.

३०१ तात्या: नि चिऱ्यात प्लास्टिकची गिट्टी फिरता ता पण सांगा. ह्या बायच्या फळयेर डबे ठेवल्यान काय फळी खाली.

४०२ आप्पा: तात्यांनी मुद्द्याचं काढलं. चिरा सच्छिद्र असतो, कुठे घट्ट, कुठे पोकळ. ६ ची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती नळी), ६ चं बिट हा नियम इथे सैल पडतो. भोक एक नंबर कमी पाडायचं, गिट्टी लांब घ्यायची, ठोका लावायचा नाही, कारण ठोक्याने कडा भुगा होऊन ढासळतात. आतली पूड फुंकून काढायची. फुंकताना डोळे मिटा किंवा चष्मा लावा, तांबडी माती डोळ्यात गेली तर दिवसभर चुरचुरते. एवढं करूनही पोकळी लागली तर भोकात सिमेंट भरून गिट्टी बसवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. जुने सुतार सागाची गिट्टी ठोकायचे ती याचसाठी.

१०३ वहिनी: फळीवर डबे म्हणजे तांदळाचे ना? मग सिमेंटच भर बाई.

२०४ ताई: 😄 भरते. बिजागऱ्यांना काही वेगळं?

३०३ दादा: चकच्या मागे आकड्यांची रिंग असते, तो क्लच. बिजागरीला अगदी लहान आकड्यावर सुरुवात कर. स्क्रू बसला की कटकट आवाज करून मशीन सोडून देतं. थेट ड्रिलच्या चिन्हावर ठेवून पिळलास तर प्लायमधली आटी खलास, मग तो स्क्रू जन्मभर फिरत राहणार. वर एक बटण असतं, १ आणि २. स्क्रूला १, भोकाला २.

१०१ भाऊ: आता सांगा घ्यायचं कुठून? ऑनलाइन?

३०३ दादा: आधी खाली बाजारात जाऊन हातात धरून बघ. रिकामं चालव आणि बोट सोड, लगेच थांबलं पाहिजे. चकमध्ये लांब बिट लावून फिरव, टोक हलताना दिसलं तर ते ठेवून दुसरं माग. ट्रिगर हळूहळू दाबला की गतीही हळूहळू वाढायला हवी. आणि दुरुस्ती इथेच होते की कोल्हापूरला पाठवावं लागतं, बॅटरीला वॉरंटी किती, हे विचारून मग ऑनलाइनचा भाव सांग दुकानदाराला. शंभर-दोनशेचा फरक असला तर इथेच घे.

४०२ आप्पा: बिट्सची ढीगभर पेटी घेऊ नकोस. भिंतीचे ६ आणि ८, लाकडाचे ३ आणि ५, टाइलचं एक, आणि स्क्रूचं चांगल्या पोलादाचं पीएच २, म्हणजे अधिकच्या खुणेचं. बस.

१०३ वहिनी: गंजाचं काय? आमच्याकडे कात्रीसुद्धा टिकत नाही, समुद्राकडची बाजू.

४०२ आप्पा: काम झालं की बिट्स पुसून मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं, चकच्या जबड्यांनाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्या. पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या. बॅटरी मशीनमधून काढून ठेवायची, अर्धी चार्ज असताना. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून पावसाळाभर ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. ड्रिल कोणतंही असो, दुपारी २ ते ४ आणि रात्री ८ नंतर वाजवू नये. ४०३ च्या माई झोपतात.

३०१ तात्या: सेक्रेटरीनू, ता ऱ्हवांदे. माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती चौकट) टांगूक माका स्लॅबाक दोन हूक होये. ह्या १२ वोल्टान जातले काय?

४०२ आप्पा: नाही तात्या. स्लॅब म्हणजे निव्वळ काँक्रीट, तेही डोक्यावर हात करून. तिथे रोटरी हॅमरच. शिवाय पंख्याच्या वायरचा पाइप स्लॅबमधूनच गेलाय, पंख्याच्या पेटीपासून स्विचच्या भिंतीकडे जाणारी रेषा सोडून हूक घ्यायचे. आणि सळई लागली, म्हणजे बिट पुढेच जाईना, तर जोर न करता इंचभर सरकायचं.

३०३ दादा: आमच्या इथला रोटरी हॅमर मी रविवारी आणू शकतो, साहेबांना विचारून. ज्यांना लिंटेलला किंवा स्लॅबला भोकं हवीत त्यांनी आजच पेन्सिलने खुणा करून फ्लॅट नंबर इथे टाका. एका फेरीत सगळ्यांची उरकू.

१०३ वहिनी: १०३. बेडरूम, एक ब्रॅकेट.

१०१ भाऊ: १०१, गॅलरीतला झोपाळा, दोन.

३०३ दादा: भाऊ, झोपाळ्याला साधे हूक नाही चालणार, त्याला अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, लागतात. आणि गॅलरीचा स्लॅब पुढे निघालेला आहे. आधी आप्पांना दाखवा, मग ठरवू.

२०४ ताई: मी १२ व्होल्टचं जीएसबी बघायला संध्याकाळी जातेय, कुणाला बिट्स हव्यात का? आणि दादा, हॉलचं लिंटेल भिंतभर आहे असं वाटतंय. तेवढी २०४ ची दोन भोकं धरा.

३०३ दादा: धरली. सकाळी १० ला ३०१ पासून सुरुवात. तात्या, स्टूल नको, शिडी काढून ठेवा, आणि त्या खोलीचा एमसीबी बंद. मशीनला लाइट बाहेरच्या पॅसेजमधून घेऊ.

३०१ तात्या: शिडी आसा. चाय पण आसा. येवा.