टीवाय१ च्या वाढीव प्रतींचा यीस्टवरचा भार मोजायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बेकर्स यीस्टमधल्या टीवाय१ या रेट्रोट्रान्सपोझॉनवर (आरएनएमार्फत स्वतःची नक्कल काढून जीनोममध्ये दुसरीकडे जाऊन बसणारा डीएनएचा तुकडा) काम करतेय. प्रती वाढल्या की पेशीची वाढ किती मंदावते, एवढंच बघायचं होतं. दोन महिने झाले, गाडी तिथेच अडलीये.

गॅलॅक्टोजवर चालू होणारा टीवाय१ प्लाझ्मिडवर (गुणसूत्रांपासून वेगळं डीएनएचं वर्तुळ) ठेवून पेशी २२ अंशांना वाढवल्या (३० च्या पुढे हा पठ्ठ्या उडी मारायलाच आळस करतो), मग प्लाझ्मिड घालवलं. नव्या प्रती असलेल्या १२ वसाहती निवडल्या. प्रत्येकीला जीएफपीवाल्या (हिरवं चमकणारं प्रथिन, ओळखायला सोपं) मूळ वाणाबरोबर एकाच फ्लास्कमध्ये सोडलं. रोज १:१०० डायल्यूशन, म्हणजे दिवसाला साधारण ६.६ पिढ्या. असे १० दिवस.

दर पिढीला १ टक्का तोटा असेल तर शेवटी ५०:५० चं ३४:६६ होतं, ते सहज दिसतं. ०.२ टक्के असेल तर जेमतेम ४७:५३, आणि माझ्या तीन रेप्लिकेट्समध्येच (त्याच प्रयोगाच्या पुनरावृत्ती) त्याहून जास्त फरक पडतोय.

एक वसाहत मात्र सपाटून हरली. मी खूश! ग्लिसरॉलच्या प्लेटवर टाकली तर काहीच उगवलं नाही. पेटीट निघाली, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडल्याने श्वसन न करू शकणारी. दोष मायटोकॉन्ड्रियाचा आणि आळ टीवाय१ वर. आता आधी ग्लिसरॉल, मग बाकीचं.

खरी शंका पुढे आहे. टीवाय१ बहुतेक वेळा टीआरएनए (प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) जनुकांच्या अलीकडे जाऊन बसतो, तिथे मोडण्यासारखं फारसं काही नसतं. मग भार संख्येचा की एखाद्या वाईट जागेचा? सरासरी काढली की हा फरकच पुसला जातो. शिवाय चांगल्या वाढलेल्या वसाहतीच मी उचलल्या, म्हणजे जबर मार बसलेल्या आधीच गाळल्या गेल्या असणार.

कंट्रोल म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए नक्कल, म्हणजे सीडीएनए, बनवणारं एन्झाइम) बिघडवलेला टीवाय१ त्याच गॅलॅक्टोजमधून न्यायचा विचार आहे. इंटिग्रेज (ती नक्कल जीनोममध्ये बसवणारं एन्झाइम) बिघडवलेला नको वाटतो, कारण सीडीएनए जुन्या प्रतींशी रिकॉम्बाइन होऊन आत शिरतोच. बरोबर आहे ना?

आणि मूळ वाणाशी संकर करून टेट्रॅडमध्ये (एका मिऑसिसमधून निघालेले चार बीजाणू) मंद वाढ नेमक्या कुठल्या प्रतीबरोबर जाते हे कुणी पाहिलंय का? एवढ्या बारीक फरकासाठी किती टेट्रॅड फोडावे लागतात? बीजाणू वेगळे करायची सुई हातात घेण्याआधी कळलं तर बरं.