डोलोसोबत कॉम्बिफ्लाम चालते का? परवापासून ताप आहे

पेठेतला_भाडेकरू:
एमए करतोय, फ्लॅटवर आमचा गोळ्यांचा एक डबा आहे, कुणाचंही उरलेलं त्यात, सर्दी झाली की त्यातलीच अजिथ्रोमायसिन घ्यायची, बरं वाटलं की बंद आणि उरलेली परत डब्यात. आता मला ताप आहे, डोलो ६५० ने उतरतो पण परत चढतो, वर कॉम्बिफ्लाम घेऊ का? सबमिशन आहे हो.

बीफार्म_वाली:
अजिबात नको. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल आहेच, वर तुझी डोलो म्हणजे पण पॅरासिटामॉलच, सर्दीच्या गोळीतपण बऱ्याचदा तेच असतं, लिव्हरची वाट लागेल. आणि पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतो, त्यात आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून टेस्ट होईपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल, मध्ये सहा तास जाऊ दे, पाणी भरपूर पी.

चहा_कटिंग:
अजिथ्रोच्या स्ट्रिपवर लाल रेघ असते ती डिझाईन नाही भावा, चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही असा अर्थ. व्हायरल सर्दीवर अँटिबायोटिक शून्य काम करतं. मेडिकलवाले देतात म्हणा, त्यांना काय.

कोथरूडकर:
आमच्याकडे तर आई फोनवरूनच डोस सांगते 😂 पण विद्यापीठात आरोग्य केंद्र आहे की, तिथे का जात नाहीस?

पेठेतला_भाडेकरू:
मी अफिलिएटेड कॉलेजचा, तिकडे चालतं का माहीत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो संध्याकाळी, सीबीसी म्हणजे रक्ततपासणी करायला सांगतीलच.

बीफार्म_वाली:
डेंग्यूच्या एनएस१ टेस्टचं पण विचार. पोट दुखलं, उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर संध्याकाळची वाट बघू नकोस.