छत ज्याचे, सूर्यही त्याचाच?

परळकर:
घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठीची पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला तीत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तर गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. माझी हरकत रकमेला नाही, छताच्या अटीला आहे. चाळीतल्या ज्या खोलीचे छत म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची जमीन असते, तिथल्या भाडेकरूने हे अनुदान मागायचे कशाच्या जोरावर? शिवाय छतावरची जादा वीज बिलातून वजा करणाऱ्या नेट मीटरमुळे ज्यांचे बिल घटते, त्यांच्या वाट्याचा तारा-उपकेंद्रांचा खर्च कालांतराने उरलेल्यांच्या दरात शिरतो. चाळी-वस्त्यांना शहराबाहेरच्या सौर प्रकल्पात हिस्सा देऊन त्याची वजावट थेट त्यांच्या बिलात करावी.

चेंबूरकर:
हिस्सा जरूर द्यावा. पण वाटणीचा हिशेब जुळेपर्यंत पॅनेल बसवायचेच नाहीत, असा सूर मला धोक्याचा वाटतो. ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राशेजारी, माहुलच्या हवेत श्वास घेणारी माणसे मलबार हिलवरची नव्हेत. उशिराची किंमत तीच मोजतात.

मावळी:
माझे आजोळ मुळशी खोऱ्यातले. मुंबईला वीज हवी म्हणून तिथे धरण आले, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले आणि तरीही गावे पाण्याखाली गेलीच. त्या विजेलाही धूर नव्हता, हे ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणताना आठवावे. आज सौर प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्या प्रक्रियेतली जनसुनावणीही होत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अशा प्रकल्पांना गायराने दिली जातात. ती वीज शेतीपंपांसाठी आहे हे मान्य, पण गायरानावर शेळ्या चारणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, मग त्याला विचारणार कोण?

चेंबूरकर:
मुळशीपुढे मी निरुत्तर आहे. तरीही सुनावणीला मुदत हवी, नाहीतर ती स्थगितीचे दुसरे नाव ठरते. वीजदराच्या अर्जावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन वीज नियामक आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यावा, असे वीज कायद्याचे ६४ वे कलम सांगते. तोच नियम इथे लावावा.

परळकर:
१२० दिवस मला चालतील. मात्र ते वर्तमानपत्रात नोटीस छापल्यापासून मोजू नयेत; ती वस्तीत आणि गावच्या चावडीवर मराठीत वाचून दाखवल्यापासून मोजावेत.