प्रतिसाद : खाणीतलं भूत उजेडातही धरतं

खाणीच्या भयकथेला बोगदा हवाच, आपल्याकडच्या उघड्या खाणीत कसली भीती, हे वरचं म्हणणं पटलं नाही. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात आत बसलेल्या शिंगवाल्या 'तिओ'ला, म्हणजे खाणीच्या सैतानी देवाच्या मूर्तीला, खाणकामगार कोकाची पानं, सिगारेट, दारू देतात. तिथं बोगदा हवाच, मान्य. पण कोल्हापुरातल्या शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडं बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, वरच्या थरांतच सापडतं, म्हणून वरूनच खणतात. तिथलं भय म्हणजे चकवा!

सड्यावर ना झाड ना खूण, पावसाळ्यात धुकं असं की हातातली काठी दिसत नाही. त्यात खाणीमुळं गेल्या वर्षीची पायवाट यंदा खड्ड्यात संपते. आमचे मामा राधानगरीकडचे. एकदा गुरं घेऊन परतताना पुढच्या बैलानं पाय रोवले, काही केल्या हलेना. मामांनी पुढं दगड टाकला, तर बऱ्याच वेळानं खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. जन्मभर तुडवलेली वाट होती ती. मामा अजूनही चकवाच म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. गावच्या माणसाला त्याच्याच डोंगरानं ओळख न देणं, यावर मराठीत कुणीतरी दमदार कथा लिहायला हवी.