मदत हवी आहे: हे खड्डाघर आहे का उकिरडा? (सर्बिया, नवाश्मयुग, शुक्रवारच्या आत सांगा प्लीज)

खापरवेडी:
नमस्कार लोक्स. एरवी रोमात (म्हणजे नुसती वाचत) असते, आज अडलंय म्हणून लिहितेय. पुण्यात आर्किऑलॉजीत एमए करून सध्या युरोपात शिकतेय आणि सुट्टीत सर्बियात एका उत्खननावर आलेय, बेलग्रेडच्या उत्तरेला, सगळा सपाट मुलूख, जिकडे बघाल तिकडे मका नाहीतर सूर्यफूल. साइट स्टार्चेव्हो संस्कृतीची, म्हणजे या भागात शेती घेऊन आलेली पहिली मंडळी, इ.स.पूर्व ६००० च्या आगेमागे. (ज्या गावावरून हे नाव पडलं ते डॅन्यूबकाठी पान्चेव्होजवळ आहे, तिथे १९३१-३२ मध्ये अमेरिकन-युगोस्लाव्ह टीमने खणलं होतं.)

तर माझ्या वाट्याला एक खड्डा आलाय. साडेचार मीटर बाय तीन, आकार पहिल्यांदा लाटलेल्या पोळीसारखा. नांगरटीचा थर काढल्यावर पिवळ्या मातीत काळा डाग दिसला, मग रीतसर अर्धा खणायला घेतला आणि अर्धा तसाच ठेवलाय, म्हणजे मधे उभा सेक्शन (थर दाखवणारा मातीचा उभा काप) मिळतो. सध्या ७० सेंटीमीटरवर आहे आणि तळ अजून लागलेला नाही. आत खापरंच खापरं, भुसा मिसळून भाजलेली जाडजूड, काहींवर चिमटे काढून केलेली नक्षी, काहींवर वरून पातळ चिखल फासलेला, शिवाय गुरामेंढ्यांची हाडं, माशांचे मणके, शिंपले, राखेचे पट्टे, आणि भाजल्या मातीचे गोळे ज्यांच्यावर बोरूच्या काड्यांचे ठसे स्पष्ट दिसतात.

इथे दोन पार्ट्या आहेत. सीनियर सर म्हणतात झेमुनित्सा, म्हणजे इकडच्या भाषेत जमिनीत खणलेलं घर, असे खड्डे आम्ही वर्षानुवर्षं घरं म्हणूनच छापत आलोय. आमची ट्रेंच सुपरवायझर म्हणते कचऱ्याचा खड्डा, विषय संपला. आणि शुक्रवारी कॉन्टेक्स्ट शीट (एकेका थराची-खड्ड्याची नोंद करायचा कागद) भरायचीय मी, शनिवारी सगळ्यांसमोर दहा मिनिटं बोलायचंय तेही मीच.

अजून एक घोळ सांगते, हसू नका. खड्ड्याच्या कडेने पाच गोल काळे डाग दिसले, मी आनंदाने पाचही खांबाचे खड्डे म्हणून नंबर देऊन टाकले, आणि तिसरा साफ करायला गेले तर तो आडवा वळून बोगद्यासारखा निघून गेला!! आता काय करू? आणि इथली लोएस (वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पिवळी) माती दुपारी बारानंतर पांढरीफटक पडते, थरच दिसत नाहीत, कोणाला काही उपाय माहीत असेल तर तोही सांगा.

चहाटळ:
घर आणि उकिरडा वेगळे असतात हे गृहीतच चुकीचं आहे, माझ्या मुलाची खोली बघायला या, दोन्ही एकाच कॉन्टेक्स्टमध्ये. बाकी चालू द्या.

घोडनदीकाठ:
मुली, शांत हो. मी पोरसवदा असताना इनामगावच्या उत्खननात शेवटच्या एका सीझनला घमेली उचलली आहेत, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाक. खड्ड्यात काय सापडलं यावरून खड्डा कशासाठी खणला ते ठरत नाही. तू जी खापरं-हाडं काढते आहेस ती भरण आहे, म्हणजे खड्ड्याचं मूळ काम संपल्यावर लोकांनी त्यात लोटलेलं. राहतं घर कोणी हाडांनी भरत नाही, घर सोडल्यावर भरतात. म्हणून कचरा सापडला तरी घर नव्हतं असं सिद्ध होत नाही आणि खापरं भरपूर निघाली म्हणून घर होतं असंही नाही, तुमच्या दोन्ही पार्ट्या भरण बघून भांडतायत.

उत्तर तळाशी आणि कडेला आहे. तळ सपाट आहे का, तुडवलेला आहे का? तुडवलेली जमीन ट्रॉवेलखाली पापुद्र्यासारखी सुटते, सारवलेली असेल तर सेक्शनमध्ये पातळ थरावर थर दिसतील. चूल जागची असेल तर तिच्याखालची माती भाजून लाल झालेली असते, नुसती राख आणून टाकली असेल तर खालची माती जशीच्या तशी. आत उतरायला पायरी किंवा उतार हवा. आणि सरळ साधं, तळाशी दोन माणसं आडवी होऊ शकतात का बघ. स्वतः झोपून बघ, लाजू नकोस, आम्ही बघायचो.

डागांचं म्हणशील तर प्रत्येक डाग उभा अर्धा काप. खांबाचा खड्डा सरळ खाली जातो, त्याला तळ असतो, कडेने माती नाहीतर दगड ठासलेले असतात. बिळाला तळ नसतो, ते त्याच जाडीने वळत जातं. लोएसमध्ये अशी काळ्या मातीने भरलेली बिळं फार, त्यांना क्रोटोविना म्हणतात. दिलेला नंबर मात्र खोडू नकोस आणि दुसऱ्याला देऊ नकोस, शीटवर "रद्द, प्राण्याचं बीळ" असं लिहून मोकळी हो, फसलीस तर फसलीस, नोंद राहू दे.

रंग दिसण्यासाठी सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर सेक्शन साफ करायचा आणि कुंड्यांवर मारतात तो फवारा हलका मारायचा. त्याच वेळी फोटो.

खापरवेडी:
काका _/\_ भरण आणि वापर वेगळा हे शिकवलं होतं हो आम्हाला, पेपरात लिहिलंसुद्धा होतं, पण खड्ड्यात उतरल्यावर कुठे आठवतं. माझ्या डोक्यात सारखं काश्मीरचं बुर्झाहोम आहे, ते तर खड्डाघरंच ना?

घोडनदीकाठ:
बुर्झाहोम तुझ्या साइटपेक्षा तीनेक हजार वर्षांनी नंतरचं, ते नीट लक्षात ठेव. पण तुलनेला चांगलं आहे. डी टेरा आणि पॅटरसन यांनी १९३५ मध्ये तिथे थोडं खणलं, पुढे १९६० पासून खजांचींनी भारतीय पुरातत्त्व खात्याकडून मोठं उत्खनन केलं. तिथले खड्डे तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद, सगळ्यात मोठा वर २.७४ मीटर, तळाशी ४.५७ आणि खोली ३.९५ मीटर. भिंती मातीने लिंपलेल्या, काही खोल खड्ड्यांना पायऱ्या, तोंडाभोवती छपराच्या खांबांची भोकं, आणि जळकी भूर्जाची सालं मिळाली म्हणून छप्पर त्याचं असावं असं म्हणतात. इतकं सगळं असूनसुद्धा ती घरं नव्हती, साठवणीचे खड्डे होते असं म्हणणारे अभ्यासक आहेतच. तुझ्या पोळीला यातलं काय काय आहे ते तपास आधी.

हळदगाव:
मी आर्किऑलॉजीवाला नाही, सांगलीचा. पण वर अरुंद खाली रुंद वाचलं आणि राहवलं नाही, हे तर पेव, साठवणीचं तळघर! आमच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५ च्या पुरात बरीच गेली. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच, आत मात्र पोटमोठं. उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही, आधी हवा खेळू देतात, कोंडलेल्या पेवात माणूस गुदमरतो. सांगायचा मुद्दा, पेव बाद झालं की ते असंच राहत नाही, गुरंढोरं पडतील म्हणून लोक मिळेल त्याने बुजवतात. तळाला जळकं धान्य किंवा लिंपण दिसतंय का बघा ताई.

ऱ्हाइनकाठचा:
तुमच्या सीनियर सरांसाठी एक किस्सा. मी राहतो तिथून जवळ, कोलोनच्या लिंडेनथाल भागात १९२९ ते १९३४ या काळात नवाश्मयुगातलं आख्खं गाव खणलं. उत्खनन करणारे बुटलर साहेब म्हणाले की हे वेडेवाकडे खड्डे म्हणजे घरं, आणि खांबांच्या ओळींच्या ज्या लांबलचक इमारती दिसतात ती कोठारं. १९४२ मध्ये पारेट नावाच्या माणसाने उलटं सांगितलं, असल्या खाचखळग्यात कोण राहील, पावसात डबकं होईल त्याचं! लांब इमारती हीच घरं, आणि खड्डे भिंती लिंपायला माती काढली त्याचे, नंतर कचऱ्याने भरले. आज तेच मान्य आहे. अर्थात तो मध्य युरोप, बाल्कनमध्ये लगेच तसंच असेल असं नाही, पण तुमच्याकडे बोरूचे ठसे आहेत म्हणताय ना, म्हणजे कुडाच्या भिंती कुठेतरी उभ्या होत्या. खड्ड्याला कूड कशाला लागतो?

घोडनदीकाठ:
शाब्बास, मी हेच विसरलो होतो. आणि अगदी तळाच्या थरातली माती वेगळी पिशवीत घे, फ्लोटेशनला (पाण्यात कालवून जळक्या बिया तरंगवून काढतात ते) पाठव, वरच्या थरात मिसळू देऊ नकोस.

खापरवेडी:
अपडेट, उशिराबद्दल सॉरी, नेट नव्हतं.

तळ लागला १ मीटर १० ला. सपाट नाहीच! तीन वाट्या एकमेकींना चिकटून ठेवल्यासारखे तीन खळगे, आणि सेक्शनमध्ये स्पष्ट दिसतं की दुसरा पहिल्याला कापून गेलाय, म्हणजे एकदम नाही, वेगवेगळ्या वेळी खणलेत. तुडवण नाही, लिंपण नाही, पायरी नाही. हळदगाव, तळाला धान्यही नाही, सो पेव बाद. झोपून पाहिलं काका, पाठीत कळ आली आणि सुपरवायझरने फोटो काढला तो ग्रुपवर फिरतोय.

पण गंमत अशी की भरणीच्या मधोमध, तळापासून ५० सेंटीमीटर वर, एक राखेचा थर आहे आणि त्याच्याखालची माती लाल!! म्हणजे खड्डा अर्धा भरल्यावर कोणीतरी वाऱ्याच्या आडोशाला त्यात उतरून विस्तव केला होता, आणि नंतर परत कचरा. पाच डागांपैकी चार बिळं निघाली, एकाला नीट तळ आहे, २२ सेंटीमीटर खोल, त्याला खांब म्हणून ठेवलंय.

शीटवर लिहिलं, माती काढण्याचे एकमेकांना कापणारे खड्डे, नंतर कचऱ्यासाठी वापर, मधे एकदा विस्तव. शनिवारी सीनियर सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग राहत कुठे होते? मी तो बोरूचा ठसा असलेला गोळा पुढे केला आणि म्हटलं सर घर वरती होतं, नांगराने नेलं असणार. बराच वेळ गोळा हातात फिरवत बसले. पटलं असं काही म्हणाले नाहीत. पण सोमवारपासून खड्ड्याच्या उत्तरेला दोन मीटरची पट्टी उघडायला सांगितलीय, फवारा आणि ट्रॉवेल घेऊन मीच बसणार.

आणि हो, फ्लोटेशनच्या गाळात जळकी फोलं मिळाली, आमची बियांवाली मैत्रीण म्हणाली एमर गहू, मी म्हटलं अगं ही तर आमची खपली, आई लापशी करते याची. तिला रेसिपी हवीय, कोणी टाकेल का इथे?