चित्तसमाधानासह भक्ती: तुमच्या घरात ती कशी दिसली? (अनुभव धागा)

नगरची_लेक
परवाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधलं 1 तीमथ्य 6:6 घेतलं. 'चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे.' शब्बाथशाळेत पाठ केलेलं वचन. पण या वेळी ते ऐकताना डोळ्यांसमोर आला आईचा बोर्नव्हिटाचा डबा. आई गेल्या महिन्यात आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पेटीतून निघाला. झाकण गंजलंय, आत अजून नाण्यांचा वास येतो.

वडील शाळामास्तर. पगार हातात आला की आई आधी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, मोजून त्या डब्यात टाकायची, किराण्याची यादी नंतर. एकदा वडील आजारी पडले, बिनपगारी रजा झाली, घरातलं तेल संपलं. तीन दिवस बिनफोडणीचं वरण. मी चौथीत होते. डब्यात पैसे आहेत हे मला माहीत होतं. म्हटलं, आई, त्यातले दोन रुपये घे की. ती पळीने वरण ढवळत होती. म्हणाली, "ते आपले नाहीत, बाळा." आणि वाढायला लागली.

तेव्हा मला तिचा फार राग आला होता. आज घरात तीन प्रकारचं तेल आहे, दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. तिच्याकडे जे होतं ते मला का जमत नाही, हे मनापासून विचारतेय. तुमच्या घरचं लिहा. छोटं-मोठं, कसंही चालेल.

केडगाव_पंचक्रोशी
पणजी 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली. आईबाप वाटेतच गेले होते. ती ताटात शीत ठेवायची नाही आणि भाताला तांदूळ घेताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची, दाराशी येणाऱ्यासाठी. आजीनेही तेच केलं. आमच्याकडे ती मूठ अजून चालू आहे, मडक्याच्या जागी प्लॅस्टिकची बरणी आली एवढंच.

वसईचा_वाडीवाला
आमच्याकडे संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मगच जेवण. आजोबांची केळीची वाडी होती. आजूबाजूचे सगळे जमिनी विकत होते, बिल्डर दोनदा घरी येऊन गेला. आजोबा म्हणाले, जेवायला पुरतं, अजून काय पाहिजे? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या, म्हणजे वसईची हिरवाई वाचवायच्या चळवळीच्या, सभांना ते चालत जायचे. आता त्या वाडीच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत, पण विहिरीला पाणी आहे. बाकी संध्याकाळी लिहितो, गाडी आली.

साधी_सुनंदा
नगरची लेक, डब्याचा फोटो टाक ना. आमच्याकडे पण सेम डबा होता, त्यात बटणं असायची 😊

कंपाउंडमधला
सगळे गोड लिहितायत, मी थोडं कडू लिहितो, राग मानू नका. माझे वडील एका चर्चच्या आवारात शिपाई होते. झाडलोट, घंटा, कबरी खणणं, सगळं. अकरा वर्षांत पगार वाढला नाही म्हणून अर्ज केला, तर कमिटीने बोलावून त्यांना हेच वचन वाचून दाखवलं. पुढचं आठवं वचनसुद्धा, अन्नवस्त्र असेल तर तेवढ्यात तृप्त असावं. वाचणाऱ्याच्या अंगावर सूट होता. वडील त्या दिवसापासून उपासनेला बसले नाहीत. घंटा वाजवायचे आणि बाहेर पिंपळाखाली बसायचे. मला हे वचन ऐकलं की तो पिंपळ दिसतो.

ग्रीक_शिकलेला
कंपाउंडमधला, दादा, वाचून थांबलो. तुमच्या वडिलांवर अन्याय झाला, आणि वचनावरही. प्रेषित पौल हे पत्र कुणाला लिहितो? तीमथ्याला, आणि कुणाविरुद्ध? मागच्याच पाचव्या वचनात बघा, भक्ती हे कमाईचं साधन मानणाऱ्यांविरुद्ध. म्हणजे रोख त्या सूटवाल्याकडे आहे, घंटा वाजवणाऱ्याकडे नाही.

आणखी एक. समाधानासाठी मूळ ग्रीक शब्द ऑतार्केइआ. स्तोइक या जुन्या ग्रीक पंथातल्या तत्त्वज्ञांचा लाडका शब्द, म्हणजे मला कुणाची गरज नाही, मी स्वतःला पुरेसा आहे. पौल तोच शब्द उचलतो आणि उलटा वळवतो. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय: संतुष्ट राहायला 'शिकलो आहे' म्हणतो. कैदेत बसून लिहितोय! आणि ते पत्र मुळात आभाराचं आहे. एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती फिलिप्पैकरांनी मदत पाठवली होती. मी संतुष्ट आहे म्हणतो आणि लगेच चौदाव्या वचनात सांगतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. घेणाऱ्याने समाधानी असावं, पण म्हणून देणाऱ्याची सुटका होत नाही.

केडगाव_पंचक्रोशी
+१ याकोब 2:16 पण. उघड्यानागड्याला नुसतं 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून काय उपयोग.

कंपाउंडमधला
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. वडील असते तर वाचून दाखवलं असतं.

शेजारीण_सातारा
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना लिहिलं तर? आमच्या घरी आजोबा 'ठेविले अनंते तैसेचि रहावे, चित्ती असू द्यावे समाधान' म्हणायचे. तुमच्या वचनातला शब्द वाचून चमकले, चित्त आणि समाधान दोन्ही तिथेही आहेत.

जुना_नगरकर
ताई, चालेल म्हणजे काय! रेव्हरंड टिळक, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, म्हणायचेच की तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो. त्यांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे. मग साताऱ्यात देवाचा दरबार काढला, तुमच्याच गावात. 1919 मध्ये गेले. पण मला नेहमी वाटतं, समाधान टिळकांचं आणि ओढाताण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. नवरा हातातलं देऊन टाकतो तेव्हा चूल कुणी पेटवायची? लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचा, मग कळतं. नगरच्या लेकीच्या आईला म्हणून माझा जास्त सलाम.

मावशीची_भाची
जुना नगरकर, अगदी. आणि आता उलटंच चालू आहे. व्हॉट्सअॅपवर रोज येतं, बी पेरा, शंभरपट घ्या, म्हणजे प्रचारकाला पैसे द्या, देव शंभरपट परत देईल. माझ्या मावशीने असल्याच एका प्रचारकाला बांगडी मोडून पैसे पाठवले. मुलाला नोकरी लागेल म्हणून. लागली नाही. वर तिला सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. दोन वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. ग्रीकवाल्या दादांचं ते पाचवं वचन तिला आज पाठवते.

वसईचा_वाडीवाला
परत आलो. आजोबांचं एक राहिलं. काकाने त्याचा वाटा विकला तेव्हा आजोबा त्याच्याशी भांडले नाहीत, पण त्या पैशातून आणलेल्या फ्रिजमधलं पाणी शेवटपर्यंत प्यायले नाहीत. माठच. काकी अजून हळहळते.

साधी_सुनंदा
आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक चर्चमध्ये घरचं काहीबाही अर्पण करतात, मग त्याचा लिलाव होतो. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी एकच अंडं आणलं होतं, पदरात गुंडाळून. लिलावात ते सगळ्यात शेवटी आलं. कुणी घेतलं, परत अर्पण केलं, परत बोली, असं सात वेळा झालं. बाई खाली मान घालून बसलेल्या, पदर तसाच हातात धरलेला. त्या दिवशी भोपळे, कोंबड्या सगळ्यांपेक्षा त्या अंड्याचे जास्त पैसे आले.

वाडीवाले, तुमच्याकडे नाताळला फुगे, ते आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, करतात ना? पीठ आंबवायला काय घालता?

वसईचा_वाडीवाला
पूर्वी ताडी. आता सहज मिळत नाही तर यीस्ट. पण ताडीची चव नाही.

नगरची_लेक
सगळं वाचलं. कंपाउंडमधला दादा, तुमचं वाचून रडले.

आत्ता हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. तेलाच्या महिन्याचं विचारलं. तिला नीट आठवतंय. म्हणाली, त्या रात्री तू झोपल्यावर मी डबा दोनदा उघडला होता. पैसे मोजले, परत ठेवले. मग ओट्यापाशी बसून रडले. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी वाटीभर तेल आणून दिलं, ते घेतलं.

ती वाटी मला अजिबात आठवत नाही. मी इतकी वर्षं फक्त बिनफोडणीचं वरण लक्षात ठेवलं होतं.

साधी_सुनंदा
काकूंना माझा नमस्कार सांग. आणि डब्याचा फोटो राहिलाय.