सोसायटी ग्रुप : पैसे भरून बघावी अशी सिरीज कोणती?

सी-१०३ गोखले काकू : नमस्कार मंडळी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पुढचे काही आठवडे घरातच आहेत. रोजच्या सिरीयल त्यांना बघवत नाहीत. चांगल्या वेबसिरीज सुचवा. पैसे भरायला हरकत नाही, पण भरलेल्या पैशांचं चीज झालं पाहिजे. आणि एकच सिरीज भाड्याने किंवा विकत घेता येते का? दर महिन्याला कापले जाणारे पैसे नको वाटतात.

ए-२०२ पाटील काका : गोखलेसाहेबांना लवकर बरं वाटू दे. 'द रेल्वे मेन' बघा. चारच भाग आहेत.

डी-३०२ देसाई काका : माझी लेक अमेरिकेत एडिसनला असते. तिकडे अख्खा सीझन विकत मिळतो. एकदा पैसे भरायचे, पुन्हा केव्हाही बघायचं. आपल्याकडे तसं का नाही?

बी-४०१ अमेय : काकू, आपल्याकडे सुटा भाड्याने मिळतो तो मुख्यतः सिनेमा. प्राइम व्हिडिओवर २०२२ पासून ही सोय आहे. पैसे भरल्यावर ३० दिवसांत कधीही सुरू करायचा, पण एकदा सुरू केला की साधारण ४८ तासांत संपवायचा. सिरीजचं तसं नाही. गाजलेल्या बहुतेक सिरीज त्या त्या ॲपच्या सबस्क्रिप्शनमध्येच असतात.

देसाई काका, तिकडे सीझन विकत मिळतो हे खरं, पण तो खरोखर आपल्या मालकीचा होत नाही. मिळतो तो फक्त बघण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की असा परवाना विकताना नुसतं 'विकत घ्या' लिहून चालणार नाही, हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागेल. शिवाय ती खरेदी त्या देशातल्या अकाउंटला बांधलेली असते. लेकीने तिथे घेतली म्हणून इथल्या टीव्हीवर चालेलच असं नाही.

डी-३०२ देसाई काका : मग मासिक भरण्यावाचून पर्याय नाही म्हणायचा.

बी-४०१ अमेय : मासिकच, पण फक्त एका महिन्याचं. मी साउंड एडिटिंगमध्ये काम करतो, त्यामुळे बघणं बरंच होतं. माझी पद्धत अशी: एका वेळी एकच ॲप, एकच महिना, आणि त्यावरच्या ज्या सिरीजची गोष्ट पूर्ण होते त्याच निवडायच्या. चार, पाच, सहा, फार तर दहा भागांत संपणाऱ्या. मग पुढचा महिना दुसऱ्या ॲपचा. वर्षाचा प्लॅन घेतला की आपण पैसे वसूल करायला म्हणून काहीही बघत बसतो, आणि जे मनापासून बघायचं असतं ते राहून जातं.

पैसे भरण्याआधी आपल्या ब्रॉडबँडच्या किंवा मोबाइलच्या प्लॅनमध्ये कोणती ॲप आधीच मिळतात ते बघा. अनेकांना माहीतच नसतं.

ए-६०४ शिंदे वहिनी : पण मालिका लांब असली म्हणून वाईट असं काही नाही. 'पंचायत' २०२० ला सुरू झाली, २०२५ मध्ये चौथा सीझन आला, आमच्याकडे सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळे एकत्र बसून बघतात. अशी दुसरी सापडत नाही.

बी-४०१ अमेय : वहिनी, मान्य. 'पंचायत' आणि 'गुल्लक' घरच्यांबरोबर बघायला उत्तमच. मी म्हणतोय ते पैसे कशासाठी भरायचे त्याबद्दल. पुढचा सीझन येईल न येईल, आला तर कसा असेल, या भरवशावर पैसे अडकवू नयेत.

बी-१०४ रोहन : काकू पैसे कशाला भरताय, टेलिग्रामवर सगळं आहे. लिंक टाकतो.

सेक्रेटरी : रोहन, लिंक डिलीट केली आहे. अशा लिंक ग्रुपवर टाकू नये ही विनंती. तिथून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपची फाइल, डाउनलोड करायला सांगतात आणि मग फोनमधल्या बँकेच्या ॲपपर्यंत भानगड पोचते.

बी-४०१ अमेय : रोहन, रागावत नाही, पण मनापासून सांगतो. एका भागावर आमच्यासारखे कितीतरी जण काम करतात. पात्रांचे संवाद, पावलांचा आवाज, पाऊस, लांबून येणारी गाडी, प्रत्येक गोष्ट वेगळी बसवलेली असते. चोरीच्या कॉपीत ते सगळं चेपून एकत्र झालेलं असतं, सबटायटल्स चुकीचे असतात. आणि मराठीचं तर आणखी अवघड आहे. हिंदी सिरीजला देशभराचा प्रेक्षक असतो. मराठी सिरीज पैसे भरून कोणी बघितलीच नाही तर पुढच्या मराठी सिरीजला पैसा लावायला कोण उभा राहील? मला हे फार लागतं.

बी-१०४ रोहन : ओके दादा. मग स्टुडंटला परवडेल असं सांग.

बी-४०१ अमेय : नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन १४९ चा आहे, टीव्हीवर चालतो तो १९९ पासून. दर बदलत असतात, भरताना एकदा बघून घे. एका महिन्यात तीन-चार छोट्या सिरीज आरामात होतात. आणि जाहिराती चालत असतील तर ॲमेझॉन एमएक्स प्लेअरवर फुकटात, रीतसर बघायला मिळतं. 'समांतर' तिथलीच, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची.

सी-१०३ गोखले काकू : पाटील भाऊजी, रेल्वे मेन म्हणजे भोपाळचं ना? फार भयानक नाही ना? हे हळवे आहेत.

ए-२०२ पाटील काका : वहिनी, भोपाळचंच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. कारखाना स्टेशनपासून जवळच. मी तेव्हा रेल्वेत भुसावळ डिव्हिजनला नवीन होतो. पुढची कितीतरी वर्षं आमच्या लोकांत दुसरा विषय नव्हता.

सिरीजमध्ये के के मेनननी स्टेशनमास्तर केलाय. खऱ्या आयुष्यात त्या रात्री भोपाळला गुलाम दस्तगीर डेप्युटी स्टेशन सुपरिटेंडेंट होते. प्लॅटफॉर्मवर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती, सुटायची वेळ झालेली नव्हती. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ती वेळेआधी सोडली. वेळेआधी गाडी सोडणं म्हणजे काय हे रेल्वेत काम केलेल्यालाच कळेल. त्यासाठी नोकरी जाऊ शकते. आजूबाजूच्या स्टेशनांना निरोप दिले, भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवायला लावल्या आणि स्वतः तिथेच थांबले. त्या वायूचा त्रास त्यांना पुढे आयुष्यभर झाला.

सिरीजमध्ये कल्पनेचा भागही आहे. दिव्येंदूने केलेला दरोडेखोर रचलेला आहे, गोरखपूरकडून येणाऱ्या गाडीतला बराच प्रसंगही नाट्य वाढवायला घातलाय. मला तो खटकला. पण स्टेशनवरचा गोंधळ, बंद पडलेले फोन, कंट्रोल रूमला काहीच कळत नाहीये ही अवस्था, हे अगदी खरं वाटलं. गोखलेसाहेबांना दुसरा भाग जरा जड जाईल. रात्री झोपायच्या आधी लावू नका, दुपारी लावा.

डी-३०२ देसाई काका : पाटील, हे बघितल्यावर 'चेर्नोबिल' बघा. ते सोव्हिएत युनियनमधल्या अणुभट्टीच्या स्फोटाचं, १९८६ चं, म्हणजे भोपाळनंतर दीड वर्षाच्या आतलं. पाच भाग. मी अख्खं आयुष्य केमिकल प्लांटमध्ये काढलं, मला शेवटच्या भागातला कोर्टाचा प्रसंग फार आवडला. लेगासोव हा शास्त्रज्ञ लाल आणि निळ्या पाट्या लावत अणुभट्टीत नक्की काय बिघडलं ते समजावून सांगतो. विज्ञान न कळणाऱ्या माणसालाही कळतं. त्यातली बाई शास्त्रज्ञ मात्र खरी नाही, त्या काळच्या अनेक शास्त्रज्ञांना मिळून एक पात्र केलंय.

सी-१०३ गोखले काकू : ते कुठे आहे?

बी-४०१ अमेय : सध्या जिओहॉटस्टारवर बघा. ही सिरीज आधी हॉटस्टारवर होती. ती काढणाऱ्या एचबीओ या अमेरिकन चॅनेलचं सगळंच ३१ मार्च २०२३ ला तिथून निघालं आणि पुढे जिओसिनेमावर आलं. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं. त्याच सिरीजसाठी प्रेक्षकाला तीनदा पत्ता शोधावा लागला. वर्षाचा प्लॅन नको म्हणतो ते यामुळेसुद्धा. ज्या सिरीजसाठी पैसे भरले ती वर्षभर तिथे राहील याची खात्री नसते.

डी-५०१ नीता टीचर : मला एक सुचवायचं आहे, विशेषतः ज्यांची मुलं सातवी ते दहावीत आहेत त्यांना. 'ॲडोलेसन्स', नेटफ्लिक्स, मार्च २०२५ ची, चार भाग. इंग्लंडमधली गोष्ट आहे. तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनाबद्दल पहाटे घरातून उचलतात. प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलाय, मध्ये कुठेही कट नाही. त्यामुळे आई-वडिलांबरोबर आपणही पोलीस स्टेशनात अडकतो, नजर दुसरीकडे फिरवायला जागाच मिळत नाही.

खून कोणी केला हे पहिल्याच भागात कळतं. पुढचे तीन भाग 'का' याचे आहेत. दुसऱ्या भागात शाळेत एक प्रसंग आहे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा स्वतःचा मुलगा बाजूला घेऊन सांगतो, बाबा, त्या कमेंटमधल्या इमोजींचा अर्थ तुम्हाला वाटतोय तो नाही. ज्या मुलांना मी रोज शिकवते त्यांच्या फोनमध्ये एक भाषा चालू आहे आणि ती मला वाचता येत नाही, हे तिथे लख्ख कळलं. त्यानंतर मी वर्गात विचारायला लागले. मुलं सांगतात. आपण विचारत नाही.

ज्या मुलाने काम केलंय, ओवेन कूपर, त्याचं ते पहिलंच काम. १५ व्या वर्षी एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा अमेरिकन पुरस्कार, मिळाला त्याला.

ए-६०४ शिंदे वहिनी : टीचर, मुलांबरोबर बघायची की आधी आपण?

डी-५०१ नीता टीचर : आधी आपण. मग चौदा-पंधराच्या पुढच्या मुलांबरोबर, शेजारी बसून. लहानांना नको. आणि बघून झाल्यावर भाषण देऊ नका, त्यांना काय वाटलं ते ऐका.

बी-४०१ अमेय : टीचर, हे फार नेमकं सांगितलंत. काकू, म्हणजे नेटफ्लिक्सचा एक महिना घेतलात तर रेल्वे मेन चार भाग, ॲडोलेसन्स चार, 'कोहरा'चा पहिला सीझन सहा आणि 'ब्लॅक वॉरंट' सात. कोहरा पंजाबची आहे, लग्नाच्या तोंडावर नवऱ्या मुलाचा खून होतो, पण खरी गोष्ट तपास करणाऱ्या दोन पोलिसांच्या घरांची आहे. सुविंदर विकीचं काम बघाच. ब्लॅक वॉरंट तिहार तुरुंगातली, ऐंशीच्या दशकातली, तिथे जेलर असलेल्या सुनील गुप्तांच्या अनुभवांवरची. ती मात्र काकांना बरं वाटल्यावर, त्यात फाशीचे प्रसंग आहेत.

सी-१०३ गोखले काकू : आणि मराठीत काहीच नाही का रे? ह्यांना मराठी असेल तर जास्त आवडेल.

ए-६०४ शिंदे वहिनी : काकू, आहे. मी कधीपासून लिहायचं म्हणतेय. 'मानवत मर्डर्स', सोनी लिव्हवर, ऑक्टोबर २०२४ ची, आठ भाग.

माझं माहेर सेलू. मानवत तिथून जवळ, परभणी जिल्ह्यातच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लहान मुली आणि बाया मारल्या जात होत्या. माझा जन्म नंतरचा, पण आमच्या आईने सांगितलेलं सगळं डोक्यात आहे. दिवेलागणीनंतर पोरींना अंगणातसुद्धा येऊ देत नसत. शेतात जायचं तर बाया चार-पाच जणी मिळून जायच्या. गुप्तधनासाठी नरबळी हे शब्द आम्ही त्यामुळे ऐकले. आमच्याकडे आजही मानवतचं नाव काढलं की जुनी माणसं गप्प होतात.

तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवचं प्रकरणही त्यांच्याच काळातलं, पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींवर सिरीज आहे. आशुतोष गोवारीकरांनी ती भूमिका केलीय, अगदी शांत, आवाज न चढवता. आणि मकरंद अनासपुरे! मराठवाड्याचा माणूस, आपण त्याला हसवतानाच बघितलेलं. इथे तो उत्तमराव बारहाते झालाय आणि त्याच्याकडे बघताना अंगावर काटा येतो. सोनाली कुलकर्णी रुक्मिणी, सई ताम्हणकर समिंद्री. सईचं काम मला सगळ्यांत सरस वाटलं. दिग्दर्शक आशिष बेंडे.

मला यात काय आवडलं सांगू? गाव अडाणी म्हणून दाखवलेलं नाही. बाया अंधश्रद्धेकडे का वळतात, मूल नसलेल्या बाईवर काय दडपण असतं, गावातला पैसेवाला माणूस सगळ्यांना कसा मिंधा करून ठेवतो, हे दिसतं. गुन्हा कसा झाला याच्याइतकंच तो इतके दिवस लपून कसा राहिला हे कळतं.

ए-२०२ पाटील काका : याच प्रकरणावर १९८१ ला अमोल पालेकरांचा 'आक्रीत' आला होता. तो आम्ही थिएटरात पाहिलाय.

ए-६०४ शिंदे वहिनी : हो काका, आईने त्याचं नाव घेतलं होतं. काकू, एक सांगून ठेवते, लहान मुलींचे खून आहेत. नातवंडं घरात असताना लावू नका.

सी-१०३ गोखले काकू : सगळ्यांचे मनापासून आभार. आधी नेटफ्लिक्सचा एक महिना, मग सोनी लिव्हचा. अमेय, महिना संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार नाहीत ना?

बी-४०१ अमेय : काकू, पैसे भरले की लगेच त्याच दिवशी अकाउंटमध्ये जाऊन कॅन्सल करा. नेटफ्लिक्सला कॅन्सल केलं तरी भरलेला महिना पूर्ण बघता येतो. यूपीआयने भरलं असेल तर यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' म्हणून जागा असते, तिथे कोणकोणते मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, चालू आहेत ते दिसतं आणि तिथूनही बंद करता येतं. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज न वाचता पुसू नका. सोनी लिव्हचा महिना घेतलात की तिथे 'स्कॅम १९९२' आणि 'रॉकेट बॉईज' पण आहेत. रॉकेट बॉईज होमी भाभा आणि विक्रम साराभाईंची, काका इंजिनिअर आहेत, त्यांना नक्की आवडेल.

डी-३०२ देसाई काका : स्कॅम १९९२ मधला, हर्षद मेहता झालेला प्रतीक गांधी चुकवू नका.

बी-१०४ रोहन : दादा, मी कोहरापासून सुरू करतोय. पंजाबी समजेल का?

बी-४०१ अमेय : पंजाबीतच ऐक, सबटायटल्स लाव. पहिल्या भागानंतर कान सरावतो. आणि हेडफोन लाव.

ए-६०४ शिंदे वहिनी : काकू, मानवतचंही तसंच. सुरू करताना ऑडिओ मराठीच आहे ना ते सेटिंगमध्ये बघा. हिंदी डबिंगमध्ये आमच्याकडची बोली पार निघून जाते.